लायसनवाला शिंपी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घालायची फार इच्छा आहे, पण आठांपैकी एक अंग सध्या प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा सात अंगांचा गोड मानून घे. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचं पोट कमी झालं का? (नसेल तर राहू दे, लांबून माणूस ओळखू येणं महत्त्वाचं.) शाळेतून निवृत्त झाल्यापासून तू घरातल्यांची हजेरी घेतेस, असं भाचीने कळवलं. इकडे सगळे मजेत. हाताचं मात्र मीच सांगतो, कारण बाहेर लोक जे सांगतात त्यात मी फारच भित्रा दिसतो.

तुला ठाऊक आहे, आपल्या वाडीपासून डांबरी रस्ता अकरा किलोमीटर आणि दवाखाना त्यापुढे आणखी वीस. आजारी माणसाला खाटेवर घालायचं आणि चौघांनी उचलायचं, ही आपली वाहतूक व्यवस्था. चौघांची उंची कधी सारखी नसते, म्हणून रोगी सगळा वेळ बुटक्याच्या बाजूला घसरत असतो, आणि खांदा कुणी बदलायचा यावर चौघे वाटभर भांडतात. गेल्या वर्षी विणकराची आई डांबर दिसेपर्यंत तग धरून होती. डांबर दिसलं आणि गेली. परतताना चौघे खांदा न बदलता चालत आले. त्यानंतर उपकेंद्राच्या नर्सबाई ज्या हात धुऊन मागे लागल्या, त्या एका संस्थेकडून रुग्णगाडी आणूनच थांबल्या. गाडी म्हणजे मोटारसायकल, आणि तिच्या कुशीला एका चाकावर जोडलेला लांबोडका डबा. आत गादी, वर छत. दिसायला म्हणशील तर बाथटबशी लग्न झालेली मोटारसायकल.

चालवणार कोण? संस्थेची अट, लायसन हवं. आपल्याकडे गाड्या उडवणारे पाच-सहा जण, सगळे बिनलायसनचे. गॅरेजचा मिस्त्री लायसन काढायला तीनदा गेला आणि तिन्ही वेळा साहेबाचीच गाडी दुरुस्त करून परत आला. सगळ्या वाडीत लायसन निघालं एकाचं, माझं. (मी ते बँकेत ओळख पटवायला काढलं होतं, आणि परीक्षा म्हणजे साहेबाच्या सफारी सुटाचं माप घेणं.)

"लायसन आहे?" नर्सबाईंनी विचारलं.

"आहे, पण चालवता येत नाही हो."

"सरकार लिहून देतंय की येतं. तुम्ही सरकारपेक्षा शहाणे?"

शाळेच्या मैदानावर तीन दिवस शिकलो. पहिल्या दिवशी गोलपोस्ट पडला, दुसऱ्या दिवशी गोलकीपर पळाला, तिसऱ्या दिवशी मी पास झालो, कारण पाडण्यासारखं मैदानात काही उरलं नव्हतं. पुढचा पंधरवडा बरा गेला. रोगी बहुतेक बाजारच्या दिवशीच आजारी पडत आणि पिशव्या घेऊन बरे होऊन परतत.

मग मागच्या मंगळवारी भर दुपारी मिस्त्रीच्या सुनेला कळा सुरू झाल्या. नवरा खाणीवर कामाला. नर्सबाईंनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. मूल आडवं होतं. मला म्हणाल्या, "आता गप्पा नकोत." मी काहीच बोललो नव्हतो, तरी गप्प झालो. सून डब्यात, सासू म्हणजे मिस्त्रीणबाई माझ्या मागे, आणि मी शिलाई मशीनवर बसावं तसा ताठ. मिस्त्रीणबाईंची जीभ इंजिनापेक्षा जोरात चालत होती. मी खड्डा चुकवला तरी ओरडत, नाही चुकवला तरी ओरडत. डब्यातून सुनेचं कण्हणं ऐकू येई तेव्हा मात्र त्या डब्याकडे वाकून तिचा हात धरत.

ओढ्यात गाडी बंद पडली. मी धक्का मारायला उतरलो, शेवाळावरून पाय सरकला, आणि मनगटाचा जो आवाज झाला तो जाड कापड फाटल्यासारखा. कपाळही दगडावर आपटलं. रक्त बघून मी मटकन पाण्यातच बसलो. डोक्यात एकच घुमत होतं, आता हिचंही विणकराच्या आईसारखं होणार, आणि ते माझ्या हातून.

मिस्त्रीणबाई उतरल्या. काहीतरी काढलं, पुसलं, परत लावलं, एक किक मारली. गाडी सुरू!

"बाई, तुम्हाला चालवता येते?"

"गॅरेजमधली गाडी नीट झाली की नाही ते पहाटे कोण चालवून बघतं, तुमचा मिस्त्री? त्याला चक्कर येते. बसा मागे!"

बसलो. ताई, त्या बाईने गाडी अशी हाणली की खड्डे आपणहून बाजूला झाले असावेत. मी डोळे मिटून त्यांना घट्ट धरलं होतं (मिस्त्रीला हे सांगितलं आहे, त्याची हरकत नाही, तोही तसंच धरतो). डब्यातून सून ओरडत होती, "आई, आणखी जोरात!"

दवाखान्यात वेगळीच गंमत. स्ट्रेचरवाले धावत आले, माझं रक्ताळलेलं ध्यान बघितलं आणि मलाच आडवं करून पळत सुटले. मी म्हणतोय मी नव्हे, मी नव्हे, दारातली परिचारिका कागद भरत विचारतेय, "कळा कधीपासून?" शेवटी सून डब्याची कड धरून उभी राहिली आणि ओरडली, "अहो, ते शिंपी आहेत! बाळंतीण मी!"

लगेच ऑपरेशन झालं. मुलगी झाली. आधी निळी, रडेना. मग रडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती. वाटभर मला शिव्या देणाऱ्या मिस्त्रीणबाई भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ उभ्या होत्या. मीही दुसऱ्या भिंतीकडे तोंड केलं. मनगट दुखत होतं, हे कारण आयतंच होतं.

भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्राचं कारण वेगळंच आहे. दुसरी ड्रायव्हर म्हणून मिस्त्रीणबाई ठरल्या, पण लायसनच्या परीक्षेत प्रश्न वाचावे लागतात आणि त्यांना अक्षर येत नाही. तू पस्तीस वर्षं पोरं वाचती केलीस, मलासुद्धा. महिनाभर ये. नर्सबाईंना मी तुझा होकार कळवून टाकला आहे.

ता. ता. क. : वन्सं, हात यांचा मोडला असल्यामुळे वरचं सगळं मीच लिहिलं, म्हणजे जे सांगितलं ते लिहिलं. पाय शेवाळावरून सरकला नव्हता. ओढ्याचं पाणी बघून यांनी चालत्या गाडीवरून उडी मारली होती, मिस्त्रीणबाईंनीच सांगितलं. तुम्ही महिन्याऐवजी दोन महिने या, एक अक्षरांसाठी, एक यांची समजूत घालायला. परीक्षेचे अर्ज दोन भरले आहेत, दुसरा माझा. मिस्त्रीणबाई मला रोज पहाटे गाडी शिकवतात. यांना वाटतं, मी कात्र्यांना धार लावायला गॅरेजमध्ये जाते. लवकर निघा, घरात बोथट कात्री एकही उरलेली नाही.