नवऱ्या मुलाची आजी

गोंदिया, ता. ४ जुलै १९५४

तीर्थरूप लेया आजीस,

रिबेकाचा सादर शालोम. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे. बाबांचा खोकला कमी आहे. तुम्ही पाठवलेली आमसुलं पोचली. पोस्टमनने पुडकं दोनदा हुंगून, हे औषध आहे की काय, असं विचारलं.

पत्राचं कारण नागपूरच्या दानियलचं स्थळ. मे महिन्यात तो आपल्या वडिलांबरोबर, म्हणजे रूबेनकाकांबरोबर, येऊन गेला. आता काकांचं पत्र आलं आहे. ते लिहितात, मुलगी पसंत आहे, पण तुमचं घर पन्नास वर्षं गोंदियाला पडलेलं. आम्हीही नवगावकरच, पण नवगावकर पुष्कळ, तुम्ही त्यांतले कोणते ते आमच्याकडे कोणालाच सांगता येत नाही. तरी नव्याच्या सणाआधी, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या आत, बापाकडच्या पिढ्यांची नावं लिहून पाठवावी.

बाबा म्हणतात, सुचतील ती नावं लिही, मेलेली माणसं तक्रार करायला येत नाहीत. पण न तपासलेलं नाव लिहायला माझा हात धजत नाही. तुम्हाला म्हणून सांगते, हे स्थळ मोडू नये असं मला फार वाटतं. बाबांना कळवू नका.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नये.

तुमची,
रिबेका


नवगाव, ता. १३ जुलै १९५४

चि. रिबेकास,

लेया आजीचे अनेक आशीर्वाद. तुझं अक्षर इतकं नेटकं, की वाचण्याआधी हात धुवावे लागतात.

मोडू नये असं वाटतं म्हणे! बापाला ते मे महिन्यातच कळलं होतं. पाहुण्याला तू तीनदा पोहे वाढलेस, असं त्याने मला तेव्हाच लिहिलंय.

आता नावं. तुझे आजोबा दाविद, माझा थोरला भाऊ. आमचे बाप हसाजी, मी चार वर्षांची असताना गेले. त्यांचे बाप एलोजी, ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैलालाही सुट्टी द्यायचे. त्यापुढचं दाविदला पाठ होतं, मला नाही. तो रेल्वेत गार्ड होऊन गोंदियाला गेला, तेव्हा तिथे प्रार्थनेला दहा यहुदी पुरुष कुठून मिळणार? म्हणून तुझी आजी गूळ-पोह्यांच्या मलिद्याचं ताट मांडून गेलेल्यांची नावं स्वतःच घ्यायची. तेव्हाचं कोणी तिथे असेल, त्याला विचार.

जेवत जा. पणजोबा सापडेपर्यंत उपाशी राहण्याची आपल्यात चाल नाही.

तुझं भलं चिंतणारी,
लेया आजी


गोंदिया, ता. ८ ऑगस्ट १९५४

तीर्थरूप लेया आजीस,

रिबेकाचा सादर शालोम. वि. वि.

आजी, अनर्थ झाला. क्रमाने लिहिते.

आपल्याकडे मलिद्याचे पोहे फुलचूरच्या सुमित्राबाईंकडून येतात, आजीच्या वेळेपासून. रोवणीचे दिवस, म्हणून बांधावर जाऊनच विचारलं. त्या चिखलातून वर न बघता म्हणाल्या, की लगन तं जित्यायचं होऊन राहिलं, मंग मेलेल्यायची नावं कायले पायजे? पण रोपं लावता लावता त्यांनी म्हणून दाखवली: दाविद, हसाजी, एलोजी, हसाजी. मी म्हटलं, हसाजी दोनदा आला. त्या म्हणाल्या, की तुयी आजी असंच म्हणे, मी काऊन बदलू?

मला वाटलं, म्हातारी घाण्याच्या बैलासारखी फिरून तिथेच आली. बाबांनी घरी शुद्धलेखन शिकवताना लावलेली सवय, शब्द दोनदा आला की दुसरा खोडायचा. मी खोडला.

मग रूबेनकाकांनी त्यांची यादी पाठवली: दानियल, रूबेन, बनाजी, अब्राम, मुसाजी आणि सर्वांत वर नवगावचा हसाजी. आपलाही हसाजी नवगावचाच! म्हणजे मुसाजी आणि आपले दाविद आजोबा सख्खे भाऊ. दाविदनंतर बाबा, मग मी. तिकडे मुसाजीनंतर अब्राम, मग बनाजी. चार वेळा मोजलं. बनाजी आणि मी एका पिढीचे. दानियल बनाजीचा नातू, म्हणून माझाही नातू. मी वीस वर्षांची, तो सव्वीस.

मुसाजी कंपनीच्या पलटणीत होता, असं काका लिहितात. असा लांब राहणारा थोरला भाऊ तुम्हाला लहानपणचा आठवत नसेल.

धर्मशास्त्रात आत्या, काकू, मावशी वर्ज्य सांगितल्या आहेत. चुलत आजीबद्दल काही सापडलं नाही, पण आत्या चालत नाही तर आजी कशी चालेल? बाबा हसता हसता पुन्हा खोकायला लागले. मला हसू आलं नाही. हे लपवून लग्न करणं माझ्याने व्हायचं नाही. काल काकांना सगळं लिहिलं आणि स्थळ नाकारलं. मायन्यात ‘तीर्थरूप’ लिहावं की पुतण्या म्हणून ‘चिरंजीव’, यात दोन कागद फुकट गेले.

लोभ आहे तसाच राहू द्यावा, मला आत्ता त्याची गरज आहे.

तुमची,
रिबेका


नवगाव, ता. १७ ऑगस्ट १९५४

चि. रिबेकास,

आशीर्वाद मागाहून देते. आधी ऐक.

मुसाजी माझा सख्खा भाऊ? कंपनी सरकार गेलं त्यानंतर पंचवीस वर्षांनी माझा जन्म. आणि मला असा एक थोरला भाऊ असता, तर मेल्याने जन्मात एक तरी लुगडं घेतलं असतं!

अगं, नातवाला गेलेल्या आजोबाचं नाव ठेवायचं ही आपली रीत. माझी वहिनी रिबेका गेली आणि वर्षाच्या आत तू झालीस, तुझं नाव काय आभाळातून पडलं? हसाजीचा एलोजी, एलोजीचा पुन्हा हसाजी. सुमित्राबाई बरोबर होती. तू दुबार शब्द नाही खोडलास, माझा पणजोबा खोडलास. आणि तेल्याच्या पोरीने घाण्याच्या बैलाला हसू नये. तो तिथेच फिरतो म्हणून तेल निघतं.

आता दोन्ही हसाजी मांड. वरच्या हसाजीचे मुलगे मुसाजी आणि एलोजी. मोज खाली. दानियल आणि तू एकाच पायरीवर, लांबची चुलत भावंडं. आपल्यात चालतं.

रूबेनला मी लिहिणार नाही. खोडलंस तू, पुन्हा मांड तूच. आजच.

आता आशीर्वाद, भरपूर.

लेया आजी


नागपूर, ता. ५ सप्टेंबर १९५४

तीर्थरूप रिबेका आजीस,

नातू दानियल याचा सादर शालोम. हे पत्र वडिलांच्या परवानगीने लिहीत आहे.

आपलं पहिलं पत्र आलं, त्या दिवशी वडिलांनी ते घरात मोठ्याने वाचून दाखवलं. आईने विचारलं, की येणाऱ्या सुनेला आपण वाकून नमस्कार करायचा का. मी जेवलो नाही, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग दुसरं पत्र आलं, दोन हसाजींचं. ते वाचून वडील म्हणाले, की जी मुलगी खरं लिहायचं म्हणून स्वतःचं लग्न मोडते, तिच्याकडे मी पिढ्या मागत होतो. त्यानंतर त्यांनी कबूल केलं, की आमच्या यादीतलं ‘अब्राम’ हे नाव त्यांनी अंदाजाने घातलं होतं. मधे एक जागा रिकामी दिसत होती, म्हणून. आपण इतकं तपासाल, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तेव्हा आपण आता माझ्या आजी नाही, हे नक्की. पण अब्राम मुळात नसलाच, तर मी एक पायरी वर सरकून आपला काका ठरतो, आणि तसं असेल तरी वडिलांची हरकत नाही. साखरपुड्याची तारीख ते आपल्या बाबांना वेगळी कळवत आहेत. त्या दिवशी मलिद्याला सुमित्राबाईंनी यावं आणि नावं त्यांच्याच तोंडून ऐकावी, असं त्यांनी मुद्दाम सांगितलं आहे.

आमची यादी तपासायला आपण यावं, आणि तपासून परत जाऊ नये, एवढीच विनंती. खोडण्याआधी मात्र मला विचारत जावं.

आपला (नातं निश्चित व्हायचं आहे),
दानियल