आठवा खिसा

माझ्या गुणाच्या सुनेला,

सासूचा पोटभर आशीर्वाद. अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे. दोनच यत्ता शिकले, त्यातली एक गोवरात गेली.

पूर्वी बरं वाटलं की मी रक्तदाबाची गोळी बटणांच्या डब्यात मागे टाकायची, अडीअडचणीला असावी म्हणून. दाब इतका चढला की डॉक्टर म्हणाले, अशानं मूत्रपिंडं जातील. तुला तो डबा सापडला, पण घरात चकार शब्द काढला नाहीस. एवढंच म्हणालीस, “आई, गोळी मिठासारखी असते. काल घातलं म्हणून आजची भाजी खारट होते का?” मी म्हटलं, “अगं, माझं मीठ तूच तोडलंस आणि वर त्याचाच दाखला देतेस!”

मग त्याच डब्यातली बटणं लावून तू औषधांची पिशवी शिवलीस. सात वारांचे सात खिसे. आठवा कशाला, तर म्हणालीस, “चुकलेली गोळी यात ठेवा. लपवू नका, मी रागावणार नाही.” तू नोकरीच्या गावी गेलीस त्याला सहा महिने झाले. आठवा खिसा रिकामाच आहे.

आज दाब अगदी जागेवर आला. डॉक्टर पिशवी उलटसुलट बघत म्हणाले, “आजी, काय डोकं आहे! कुणी शिवली?” सगळा दवाखाना बघत होता गं. मी म्हटलं, “मीच.”

हे पत्र पोस्टात टाकत नाही, आठव्या खिशात ठेवते. आलीस की पहिला हात तिथंच घालशील. रागावणार नाही म्हणाली होतीस, आठवतं ना?

तुझी लबाड सासू