जू खाली आलं

औंढे, गुरुवार, संध्याकाळ

आज धाकट्या दिराने बैलगाडीत पेंढा नेहमीसारखाच भरला, मागे जड. पुढे हे बसत, म्हणून गाडी तोलून राहायची. हे जाऊन वर्ष होत आलं, पण हाताची सवय जात नाही. गाडी मागे कलंडली, जू हवेत गेलं. दीर ओरडला, "दादा, पुढं बस की!" मग उपरण्याने डोळे पुसू लागला.

"रडू नका भाऊजी, मी बसते." मी पदर खोचला.

"वयनी, थांबा. जू आलं खाली."

पदार्थविज्ञान शिकलेय मी. पुढे वजन आल्याशिवाय जू खाली येत नाही. पेंढा सरकला असेल? दोर तर घट्ट होता.

त्या रिकाम्या जागेवर मी बसले नाही. हे असताना यायची तशीच गाडीच्या बाजूने घरापर्यंत चालत आले.