आधी आवाज, मग ठोसा

४ तारीख, सोमवार, सकाळी अकरा

आधी धाकटा आला. दहाच्या सुमाराला, खांद्यावर भलंमोठं खोकं घेऊन. त्याच्या मागोमाग थोरला जिना चढला, त्याच्या हातात त्याहून मोठं खोकं. दोघे दारातच समोरासमोर, आणि खोक्यांमुळे मागे वळायला जागा नाही. चार वर्षांनी माझी दोन्ही पोरं एका उंबऱ्यात. मला काय करू न काय नको झालं. दोघांनाही मी फोनवर सांगितलं होतं की दुसरा काही येईलसं वाटत नाही. यात खोटं काय? मला वाटत नव्हतंच. म्हणजे वाटत होतं, पण माझ्या वाटण्याला कोण विचारतो.

कारण लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. थोरल्याची मुलगी, आमची चिमणी, बॉक्सिंग खेळते. नाव चिमणी, पण हात लोहाराचा. येत्या रविवारी पाच वाजता तिची फायनल टीव्हीवर दाखवणार आहेत. चार वर्षांपूर्वी धाकट्याने तिच्या बापाला न विचारता तिच्या हातात ग्लोव्हज चढवले आणि आठवडाभरात तिचा पुढचा दात पडला. त्या दिवशी थोरल्याने धाकट्याचे दोन पाडले. एक जास्तच पडला, एवढंच. तेव्हापासून बोलणं बंद. रविवारी दोघे माझ्या सोफ्यावर शेजारी बसून पोरीची फायनल बघणार. मी ठरवलंय.

थोरला वेल्डिंग करतो, त्याने टीव्ही आणला. धाकटा बस चालवतो, सकाळी मैदानावर पोरांना बॉक्सिंग शिकवतो. त्याने होम सिनेमा आणला. पाच बारक्या डब्या आणि एक ठोकळा, त्याला मी ढोल्या नाव ठेवलं. सेट-टॉप बॉक्स माझा स्वतःचा.

आज फक्त खोकी उघडली. थोरल्याने पेचकस फेकला, तो धाकट्याच्या कानाशेजारून जाऊन कपाटाच्या दारात रुतला. अजून तिथेच आहे. मी काढणार नाही. घर कसं भरल्यासारखं वाटतंय.

निश्चय: इकडचं तिकडे करायचं नाही. तोंडाला कुलूप.

संध्याकाळी सहा

थोरल्याचा फोन आला, धाकटा मागाहून काय म्हणाला म्हणून. काही नाही म्हटलं. फक्त टीव्ही पत्र्यासारखा आहे म्हणाला. आता विचारल्यावर सांगायला नको का? कुलूप उद्यापासून.

५ तारीख, मंगळवार

थोरल्याने टीव्हीसाठी लोखंडी स्टँड करून आणला. त्यावर हत्ती टांगला तरी हलणार नाही. भिंतीत ड्रिल घातलं ते थेट आतल्या वायरीत. मोठ्ठा आवाज, निळा जाळ, आणि थोरला स्टुलावरून उडून सोफ्यामागे. धाकटा हसला. थोरल्याने पडल्या पडल्या त्याच्या नडगीवर लाथ घातली. धाकट्याने त्याला घोट्याला धरून दारापर्यंत ओढत नेलं. मी दार लावून घेतलं, म्हटलं वारा येतोय.

मग दोघांना पट्ट्या बांधल्या. एकोणतीस वर्षं मी हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर खोलीत आया होते. हाड मोडलंय की नुसतंच दुखतंय ते मला आवाजावरून कळतं. दोघांचीही हाडं शाबूत. आईच्या दुधाची करामत.

वीज आली, चित्रही आलं. आवाज नाही. थोरला मला म्हणाला, आई, त्याला सांग त्याचे डबे भंगार आहेत. धाकटा म्हणाला, आई, त्याला सांग नाचता येईना अंगण वाकडं, त्याच्या टीव्हीला धड भोकं नाहीत. तीन हातांवर उभे आहेत आणि निरोप माझ्याकडून. मी दिले. थोडा तिखटपणा घातला असेल, पण सपक निरोप कोण ऐकतो?

जाताना धाकटा पुटपुटला की ज्या बापाला पोरीचा एक दात सोसला नाही त्याने कोंबड्या पाळाव्यात. हे मी थोरल्याला सांगितलं नाही. कुलूप म्हणजे कुलूप.

७ तारीख, गुरुवार

केबलवाला आला. माणूस काडीसारखा, जीभ मात्र कातरीसारखी. वायरींचं जाळं बघून म्हणाला, आजी, हे लग्न कुणी लावलं? टीव्ही बॉक्सला ओळखतो, बॉक्स होम सिनेमाला ओळखत नाही आणि होम सिनेमा टीव्हीचं तोंड बघत नाही. मग त्याने युक्ती सांगितली. आवाज टीव्हीतून घ्यायचाच नाही, बॉक्समधून थेट ढोल्याला द्यायचा. टीव्हीला चित्र, ढोल्याला आवाज, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. मला लगेच पटलं. आमच्या घरात चार वर्षं तसंच चाललंय.

आवाज आला. असा आला की खिडकीची काच तडकली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर वर आले, त्यांच्या चहात छताचं प्लास्टर पडलं होतं. माझ्या हातात त्या वेळी ड्रिल होतं ते योगायोगाने. मास्तर लगेच गेले. समजूतदार माणूस.

जाता जाता केबलवाला स्टँडला बेढब आणि ढोल्याला सेकंडहँड म्हणाला. झालं. एका बाजूने थोरल्याने त्याची कॉलर धरली, दुसऱ्या बाजूने धाकट्याने. एकच कॉलर, दोन हात, दोन्ही माझ्या पोरांचे. त्याला जिन्यावरून अर्धा उचलून, अर्धा लोटत खाली नेला. माझे डोळे भरून आले. खालून तो ओरडला की तुमच्या घरी परत येणार नाही. नको येऊ. काम झालं.

८ तारीख, शुक्रवार

नवीन भानगड. टीव्हीवरच्या त्या ठोसाठोशीच्या कुस्त्या लावून बघितल्या. आधी आवाज येतो, मग ठोसा बसतो. आधी धप्प, मग तो गडी हात उचलतो. धाकटा म्हणाला, टीव्ही चित्र चघळत बसतो, तोवर आवाज पुढे निघून जातो. आवाजाला थोडं थांबवायचं, ढोल्याच्या मेनूत त्याचा आकडा असतो. गुडघ्यावर बसून तासभर एकेक आकडा लावत होता. थोरला मागे हाताची घडी घालून उभा.

शेवटी जुळलं. तिकडे ठोसा, इकडे धप्प, अगदी एका क्षणाला. थोरला म्हणाला, "आता बरोबर आहे."

मला नाही, थेट धाकट्याला म्हणाला. चार वर्षांतले पहिले चार शब्द. मी मोजले तर तीनच भरले, पण चौथा त्याच्या तोंडावर होता.

निश्चय: आता कशालाही हात लावायचा नाही.

९ तारीख, शनिवार

आवाज किंचित मोठा हवा होता. मोठा करायचं बटण हे माझं मीच शोधलं, चौथीपर्यंत शिकलेय, गाढव नाही. बरीच बटणं दाबली. पडद्यावर एक आकडा आला आणि खाली खाली जात शून्यावर बसला. शून्य म्हणजे काही चूक उरली नाही. मग बॉक्स थोडा अडखळला, त्याला चप्पल मारली, सरळ झाला. मार हेच औषध, माणसाला काय नि यंत्राला काय. उद्याची तयारी पूर्ण.

१० तारीख, रविवार, दुपारी चार

दोघे आले. सोफ्यावर बसले. मध्ये एक उशी आहे, पण उशी काही भिंत नव्हे. थोरली सून चिमणीबरोबर गेली आहे, नाहीतर तिलाही मध्ये बसवली असती.

संध्याकाळी सात

सगळं नीट आठवून लिहिते. 

पाच वाजता चिमणी दिसली. लाल बनियन, केस घट्ट बांधलेले, समोर एक दांडगट मुलगी. घंटा ऐकू आली. मग पडद्यावर माणसाने घंटा वाजवली. धाकटा चमकून माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीकडे बघितलं.

धप्प. थोरल्याने डोळे मिटले. उघडले तोवर चिमणीने त्या दांडगटीला ठोसा दिलेला. धप्प. परत मिटले. या खेपेला चिमणीच्या गालावर. ठोसा ऐकू यायचा आणि तो कुणाला बसला हे कळेपर्यंत बापाचा जीव टांगणीला. पोरीचा बाप घामाने भिजला. मी म्हटलं, अरे, आधी सूचना मिळते, सोयच आहे की.

थोरला म्हणाला आवाज बंद कर. धाकटा म्हणाला आकडा कुणीतरी घालवलाय, मी लावतो, दोन मिनिटं दे. थोरला म्हणाला दोन मिनिटांत माझ्या पोरीचा जबडा जाईल, बंद कर. इथे मी मध्ये पडणार नव्हते. कोंबड्यांचं तेवढं निघालं तोंडातून. मंगळवारचंच होतं, शिळं, नवीन काहीच नाही.

थोरल्याने मधली डबी लाथेने उडवली. माणसांचं बोलणं जिच्यातून येतं ती. भिंतीवर आपटून तिचे तुकडे झाले. धाकट्याने थोरल्याच्या नाकावर ठोसा दिला, आणि काय सांगू, आवाज आणि ठोसा अगदी एका वेळी. आठवडाभर यंत्रांना जमलं नाही ते माझ्या पोराने करून दाखवलं. नाकातून रक्ताची धार. थोरल्याने त्याला कमरेत धरून उचलला आणि टीव्हीत घातला. स्टँड तसूभर हलला नाही, वेल्डिंग म्हणतात ते याला. टीव्ही मात्र मधोमध फुटला आणि काळा झाला. धाकट्याच्या भुवईत काच. दोघे खाली कोसळले, थोरला वर, धाकटा खाली, एकमेकांची कॉलर मुठीत.

आणि ढोल्या चालूच. आवाज टीव्हीतून नव्हताच ना घेतलेला. सांगणाऱ्याची डबी फुटल्याने शब्द एकही नाही, नुसते ठोसे.

धप्प.

दोघे आहेत तसे थिजले. कॉलर सोडली नाही, हातही उचलला नाही. थोरला म्हणाला, "हा कुणाचा?"

धाकटा कान देऊन म्हणाला, "तिचा. डावा."

धप्प, धप्प. "हे?"

धाकट्याने मान ढोल्याकडे वळवली. थोरल्याच्या नाकातलं रक्त त्याच्या शर्टावर टपकत होतं, तेही कुणी पुसलं नाही. मी म्हटलं, आपलेच आहेत, मला आवाजावरून कळतं. मग एक असा धप्प आला की जमीन हादरली. त्यानंतर काहीच नाही. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, संपवली दांडगटीला.

रक्त पुसलं, काच काढली. अर्ध्या तासाने चिमणीचा फोन. थोरल्याने स्पीकरवर टाकला. तिने विचारलं, बाबा, पाहिलंत का? थोरला नाकात कापूस घालून म्हणाला, पाहिलं, पहिल्यापासून. काकाही आहे का तिथे, म्हणाली. धाकटा म्हणाला, आहे, मस्त लढलीस. मग मी फोन ओढून घेतला. म्हटलं, शेवटचा ठोसा काय मारलास गं, अजून कानात घुमतोय.



"आजी," ती म्हणाली, "तो मला लागला."

११ तारीख, सोमवार

थोरल्याच्या नाकावर चिकटपट्टी. धाकट्याच्या भुवईला चार टाके. चूक कुणाचीच नाही, चित्र आवाजापेक्षा हळू चालतं त्याला माणूस काय करणार. मी तर कशाला हातही लावला नव्हता.

चिमणीचा पुन्हा फोन आला. जबडा सुजलाय, बोलणं चघळत चघळत. म्हणाली, आई अख्खा वेळ डोळे झाकून बसली होती, तिला काही विचारून उपयोग नाही. पण तुम्ही तिघांनी नीट पाहिलंय, तेव्हा गुरुवारी मी येते. बाबा आणि काका दोघांनाही बसवून ठेव. दुसऱ्या राउंडमध्ये माझं नक्की काय चुकलं ते मला ठोशागणिक सांगा.

मी बरं म्हटलं.

दुपारी थोरल्याने फोन केला. आई, त्याला विचार तो काय सांगणार आहे. पाठोपाठ धाकट्याने. आई, दादाला विचार, पडण्याआधी तिचा डावा हात खाली होता म्हणायचं की उजवा. मी दोघांनाही म्हटलं, हे निरोपाने व्हायचं नाही, अर्धा तास आधी या आणि काय ते समोरासमोर ठरवा. दोघेही येतो म्हणाले. धाकटा तुला दादा म्हणाला, हे मात्र मी थोरल्याला सांगितलं. एवढंच. तिखट अजिबात घातलं नाही.

गुरुवार, १४ तारीख. पोरं साडेनऊला, चिमणी दहाला.