अबातोआच्या धावपट्टीवरचे विमान ओढून बाजूला करण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी साहेब,
नागरी विमान वाहतूक कार्यालय (दक्षिण बेटे),
राजधानी.

विषय : धावपट्टीवर उभे असलेले, परंतु कार्यालयाच्या मते उभे नसलेले प्रवासी विमान हलवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : बिनतारीवरून मी केलेल्या विनंत्या आणि बिनतारीवरूनच आलेली आपली उत्तरे.

महोदय,

मी बेरेती तेकाई, अबातोआ बेटावरील धावपट्टीचा राखणदार, सविनय अर्ज करतो की, दर शुक्रवारी येणाऱ्या लहान विमानासाठी धावपट्टीवरची डुकरे हाकलणे, लोकांनी वाळत घातलेले खोबरे उचलायला लावणे व वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी टांगणे ही माझी कामे आहेत. गेल्या महिन्यात एक अगडबंब प्रवासी विमान, एका इंजिनातून धूर सोडत, महासागरावरून वळून आमच्याकडे उतरले. थांबले तेव्हा त्याचे नाक समुद्राकडे होते आणि शेपटी माझ्या स्वयंपाकघराकडे. माणसे सगळी धडधाकट उतरली. एवढ्यावर शाबासकी मिळेल असे मला वाटले होते, हा माझाच भाबडेपणा.

१. उतारूंना "अडवून ठेवले" असा माझ्यावर ठपका आहे. जहाज त्यांना न्यायला आले तेव्हा सभाघरात म्हाताऱ्यांची स्वागताची भाषणे चालू होती. आमच्याकडे भाषण संपण्याआधी पाहुणा उठत नाही, आणि दम लागेपर्यंत म्हातारा थांबत नाही. जहाजाच्या लोकांनाही आत बसवून मासे-भात वाढला. ते जेवले, वर मागून घेतले, आणि मग राजधानीत जाऊन अडवल्याची तक्रार केली. धन्य आहे त्यांची!

२. "विमानाचे मूळ स्वरूप बदलले" हा दुसरा ठपका. भरकटलेली होडी किनाऱ्याला लागली की तिच्यावर झावळ्यांच्या चटया पांघरायच्या, नाहीतर उन्हाने लाकूड तडकते, ही आमची रीत. बायकांनी विमानालाही पांघरल्या. शेपटीपर्यंत शिडी पोचली नाही याची त्यांना अजून चुटपुट आहे. आपले वाक्य मी सभाघरात ऐकवले, तेव्हा आमच्यातले सर्वांत वडील बातीरी आजोबा म्हणाले, "साहेबाला विचार, तडकलं असतं तर तो येणार होता का सांधायला?" विचारले आहे.

३. आता मूळ मुद्दा. हे विमान धावपट्टीच्या मधोमध असल्याने शुक्रवारचे लहान विमान बंद आहे. चौकशी पथक येऊन पाहीपर्यंत मोठे विमान हलवू नये, असा आपला हुकूम. पथक येणार विमानाने. धावपट्टीवर अडथळा असताना पथकाने उतरू नये, हाही आपलाच हुकूम. आणि अडथळा काढायचा तर परवानगी पथकाची! मला वाटले मीच वेडा झालो, म्हणून मी हे मोठ्या विमानाच्या कॅप्टनला ऐकवले. विमान सोडून जायचे नाही असा त्यालाही हुकूम असल्याने तो माझ्याच घरी राहतो. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "बेरेती, इंजिन पेटलं तेव्हासुद्धा मी एवढा घाबरलो नव्हतो रे."

त्यावर कडी म्हणजे आपले ताजे उत्तर. आमची धावपट्टी या आकाराच्या विमानाला अपुरी आहे, सबब असे विमान येथे उतरू शकत नाही, सबब ते उतरल्याची नोंद करता येत नाही. महोदय, जे उतरलेच नाही ते बाजूला सारायला मी परवानगी कोणत्या तोंडाने मागू?

४. माझी मुलगी राकेरा हिचे दिवस भरत आले आहेत आणि पोटात बाळ आडवे आहे. आमची नर्स तियाना हिचे शब्द जसेच्या तसे देतो. "बेरेतीकाका, हिला होडीत घातलंत तर वाटेतच दोघांना गमवाल. राजधानीचा दवाखाना गाठायचा तर विमानच पाहिजे." हे मी बिनतारीवर सांगितले. आपल्या कारकुनाने ऐकून घेतले आणि तोंडी विनंती चालत नाही, टपालाने लेखी अर्ज करा, असे कळवले. टपाल शुक्रवारच्या विमानानेच जाते हे त्याला ठाऊक आहे. मला संताप आला आहे, महोदय. राखणदाराने साहेबाला असे लिहू नये हे कळते, पण पोटची पोर आहे.

५. काल सभा बसली. मोठी होडी वर घ्यायची असते तेव्हा सारे गाव दोराला लागते, तसेच विमान ओढायचे ठरले. कॅप्टन म्हणाला, "मला हुकूम नाही." मग राकेराकडे बघून म्हणाला, "ब्रेक मी सोडतो. नोकरीवरून काढलं तर काढू देत. ओढायचं तुमचं तुम्ही बघा." लहान विमानाचा वैमानिक इओतेबा याने बिनतारीवर सांगितले, "काका, अंगण तेवढं मोकळं करा, उतरायचं माझ्याकडे लागलं."

६. वरील मजकूर लिहीत असतानाच तियाना धावत आली. राकेराला कळा सुरू झाल्या आहेत. सबब विषयात मागितलेली परवानगी मी याद्वारे मागे घेत आहे. आपण ती नाकारण्याची तसदी घेऊ नये. बाहेर लोक दोराला उभे आहेत आणि माझी जागा रिकामी आहे.

आपला, सध्या तरी नोकरीत असलेला,
बेरेती तेकाई
धावपट्टी राखणदार, अबातोआ
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सोबत : नर्स तियाना हिचा दाखला. ब्रेक स्वतः सोडल्याबद्दल कॅप्टनची सही.

ता. क. : विमान हलले. पुढचे चाक कंदाच्या खाचरात रुतले आहे, कंदांच्या मालकाने तक्रार केलेली नाही. इओतेबा उतरला आहे आणि इंजिन चालूच ठेवून थांबला आहे. हा अर्ज राकेराच्या उशाखाली ठेवून पाठवतो. तिला थेट दवाखान्यात नेतील, कार्यालयात नाही. तरी आपण स्वतः तेथे जाऊन तो घ्यावा, आणि आत शिरण्यापूर्वी दारातल्या नर्सला विचारावे की किती जण जिवंत आहेत. ते मला बिनतारीवर कळवावे. तोंडी चालेल.