अर्ध्या भिंतीचा चुना

भिंत मी नखाने खरवडून पाहत होतो, माय, तेवढ्यात शेजारची काकू बाहेर आली. "काय खरडून राह्यला रे? चुना खातं काय आता?"

आपल्या कारंजा गावच्या जुन्या पेठेचं रूप राखायला समिती नेमली आहे. तिच्यात मी आहे. रंग तेच राहावेत, चुना राहावा, टाइल नको, असं दारोदार सांगत फिरतो. लोक चहा पाजतात आणि टाइल लावतात. आपल्या गल्लीत चुन्याची एकच भिंत उरली होती, काकूची, आणि तीही टाइल लावणार असं कानावर आलं होतं. आपल्या आणि तिच्या घराची मिळून समोरची भिंत एकच. दिवाळीआधी तुम्ही दोघी ती एका दिवसात पांढरी करायच्या. बादलीत कळीचा चुना, डिंक, चिमूटभर नीळ. तू शिडीवर, काकू खाली. दोन घरांच्या मधे तू थांबत नाहीस. मी कुंचला ठेवून पाणी प्यायला वळतो, तर वरून ओरडतेस, "वाळू देऊ नको, जोड दिसन!" कुणाचं घर कुठे संपतं ते रस्त्यावरून कळत नसे. आता कळतं. तू गेल्यावर आपल्या अर्ध्याला भावाने प्लास्टिक पेंट मारला आहे, पिवळा.

"काकू, टाइली नको लावू वं," मी म्हटलं. "हे एकच भिंत राह्यली."

"मंग दरसाली चुना लावाले कोन येईन? तुही कमिटी? माह्ये गुडघे पाह्यले काय तू?"

"मानूस पाहू."

"मानूस चुन्याचं नाव काढलं का पयते. अन् तुमच्या अर्ध्याले पेंट मारला तवा कुटं होता तू? गाव जपाले मीच सापडली काय?"

तुला वाचता येत नव्हतं, आणि हा कागद कुठे जायचाही नाही, म्हणून लिहितो. मी तिला म्हणू शकलो असतो की दर वर्षी मी येईन, शिडीवर मी चढेन. शब्द तोंडात आले होते. पण मी आलो नसतो, माय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला. टाइल धरावी म्हणून त्याने चुन्यावर छिन्नीने खाचा पाडल्या. काकूने आम्हा दोघांना चहा दिला.