शाळेच्या मैदानातली गंजी

पिंपळगाव रेणुकाई,
३ मे १९९४

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी भुजंगचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द मनापासून लिहिला आहे, प्रत्यक्षात ते सध्या जमणार नाही, कारण काल कडब्याच्या पेंढ्यांखालून एक जाडजूड ग्रंथ ओढून काढताना कमरेत उसण भरली. ग्रंथ कडब्याखाली कसा गेला, ते पुढे येते.) अक्काचे गुडघे कसे आहेत? तांबड्या गाईला कालवड झाली की गोऱ्हा? इकडे सर्व खुशाल, आणि हे 'खुशाल' मी रिवाज म्हणून लिहिलेले नाही. संक्रांतीपासून परवा प्रथमच मी पोटभर जेवलो. आमच्याकडे शिकायला राहिलेली तुमची कौसल्या आठवी पास झाली. गणितातसुद्धा, आणि काठावर नव्हे.

संक्रांतीला तुम्ही आमच्या ओट्यावर बसून जे बोललात, ते मी विसरलेलो नाही. पोरगी सहामाहीत गणितात गेली, वार्षिकातही गेली तर बैलगाडी घेऊन येतो, पोरगी अन् तिची पेटी धावड्याच्या वस्तीवर परत, अन् मंग जे स्थळ आलंय ते बघू, असे तुमचे शब्द होते. त्या वेळी मी उत्तर दिले नाही. (आमची मंडळी, पुष्पाबाई, म्हणते, मी दीड तास उत्तर दिले. पण ते शिक्षणाच्या इतिहासावर होते, गाडीवर नव्हते.) तुम्ही गेल्यावर पोरगी हसेनाशी झाली. गणिताचे पुस्तक उघडून बसायची आणि बसल्याबसल्या पेंगायची.

मी चौकशी केली. दाजी, मी व्यासपीठावरचा माणूस असलो तरी मूळ शोधल्याशिवाय तोंड उघडत नाही. हेडसर स्वतः गणित शिकवतात, तेही जेवणाच्या सुट्टीनंतर. ते म्हणाले, त्या तासाला अर्धा वर्ग झोपेत असतो. खडू फेकून मारतो, पण खडू संपतात आणि झोप संपत नाही. मी विचारले, मुले सुट्टीत खेळतात का? ते म्हणाले, कुठं खेळतील? मैदानाच्या मधोमध कडब्याची गंजी आहे, उरलेल्या जागेत बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फेसाटे पडलेत. शनिवारचा कवायतीचा तास व्हरांड्यात बसून गोष्टी ऐकण्यात जातो. म्हणजे तुमची पोरगी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका तरटावर मांडी घालून बसणार, फुप्फुसात धड हवा जाणार नाही, डोक्याकडे रक्त जाणार नाही, आणि त्या रिकाम्या डोक्यात हेडसर त्रैराशिक ओतणार! रेणुकाईच्या देवळाच्या पायऱ्या चढताना तेरा वर्षांची ही पोर माझ्याआधी दमायची. तुम्ही म्हणाल, शेतात राबली की होतो व्यायाम. नाही होत. कपाशी खुरपताना माणूस दिवसभर वाकलेले राहते. धावत नाही, उडी मारत नाही, हसत नाही. बैलसुद्धा जू काढल्यावर शेपटी वर करून पळतो. तेवढाही हक्क पोरांना नको?

नेमके त्याच आठवड्यात हेडसर घरी आले आणि सव्वीस जानेवारीला प्रमुख वक्ते म्हणून यावे अशी विनंती करून गेले. (मधले काही महिने ते मला टाळत होते. गेल्या पंधरा ऑगस्टला माझे भाषण चालू असताना दोन मुले चक्कर येऊन पडली, असे ते सांगतात. तोही माझ्या मते व्यायामाच्या अभावाचाच पुरावा आहे.)

दाजी, त्या दिवसासारखे मी आयुष्यात बोललो नाही. ग्रीकांपासून सुरुवात केली, जपानच्या शाळांवरून मराठवाड्यात आलो, आणि शेवटी बोट रोखले ते थेट गंजीवर. ही गंजी कडब्याची नाही, म्हणालो, ही आपल्या पोरांच्या छातीवर रचलेली आहे. हिच्या मालकाने या झेंड्याखाली उभे राहून नाव सांगावे आणि आजच्या आज ती उचलावी. मला ठाऊक होते की गंजी सर्जेरावांची आहे, कारण त्यांचे शेत शाळेला लागून आहे, आणि गावात एवढा निर्लज्ज दुसरा कोण? सर्जेराव सावकाश उठले. टोपी नीट केली. हात जोडले.

"भुजंगराव, तुमचं म्हणणं बिलकुल बराबर हाये. पण गंजी तुमचीच हाये."

मी रामकिसनकडे पाहिले. आमचा सालगडी कुंपणाशी उभा राहून बिडी लपवत होता.

"म्याच रचलीय, मालक," तो म्हणाला. "तुमी तवा परभणीला भाषणाला गेल्ते."

आता मला सांगा, माणसाने जगाकडे पाहायचे की स्वतःच्या कडब्याकडे? डिसेंबरपासून रोज मी त्या गंजीवरून जात होतो, मनात सर्जेरावांना शिव्या घालत होतो, आणि घरी येऊन आपल्याच म्हशीला तोच कडबा खाताना पाहत होतो. हसण्याचा जो आवाज झाला तो ओसरेपर्यंत मी थांबलो (वक्त्याने थांबावे) आणि म्हणालो, तर मग सगळ्यात आधी माझीच हलेल. टाळ्या अशा पडल्या की झेंडा पुन्हा फडकला.

पण हलवायची कुठे? शेत लांब, आणि तिथला कडबा मोकाट जनावरे फस्त करतात. गोठ्यात जागा नाही. पुष्पाबाईने घरात एकच खोली मोकळी आहे असे सांगितले. ती माझ्या पुस्तकांची. आज माझे ग्रंथ ओट्यावर ताडपत्रीखाली आहेत, जे मागे राहिले ते कडब्याखाली आहेत, आणि म्हैस खिडकीतून मान घालून थेट माझ्या टेबलावर जेवते.

हेडसरांनी त्या हलवण्यालाच कवायतीचा तास म्हणून जाहीर केले. मैदानापासून आमच्या दारापर्यंत पोरापोरींची रांग लागली, पेंढ्या हातोहात निघाल्या. मी ओट्यावरून मार्गदर्शन केले. तेव्हा प्रथम मी कौसल्याला पळताना पाहिले. दोन बगलांत दोन पेंढ्या, केसांत कडब्याच्या काड्या, आणि संक्रांतीनंतर पहिल्यांदाच तोंडावर हसू.

मैदान झाडले, फेसाटे काढले, खो-खोचे खांब रोवले. हेडसरांनी खेळ जेवणानंतर, गणिताच्या आधी ठेवला. चार माणसे तक्रार घेऊन आलीच, की नाचायलाच पाठवायचं तर शाळा कशाला. त्यांना मी समजावले. (ती आता दुसऱ्या रस्त्याने जातात.) फेब्रुवारीच्या अखेरीस हेडसर सांगू लागले की पोरे घामेजून येतात, घटाघटा पाणी पितात आणि फळ्याकडे टक्क बघतात, खडू आता लिहायला पुरतो. आमची पोरगी सकाळी उठवल्याशिवाय उठू लागली, एक भाकरी जास्त खाऊ लागली, आणि जे गणित सुटत नाही ते पुस्तक फेकून न देता पुन्हा करू लागली.

तरी परवा निकालाला माझे पाय शाळेत जाईनात. हजारांच्या सभेला न घाबरणारा मी पाण्याच्या टाकीमागे उभा होतो, आणि डोळ्यांसमोर तुमची बैलगाडी होती. इतक्यात कौसल्या पळत आली. पण ती आता नेहमीच पळते, त्यामुळे काही कळेना. जवळ येऊन म्हणाली, "मामा, पास झाले मी." मी तिथेच टाकीला टेकून खाली बसलो. बोलायला गेलो, शब्द आला नाही. गावात याची फार चर्चा आहे.

अक्काला नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. उत्तराची वाट बघतो आहे.

आपला,
भुजंग

ता. क. : पोरीला न्यायला तुम्ही जी बैलगाडी आणणार होता, ती आणाच. पण रिकामी आणा आणि पावसाच्या आत आणा. निम्मा कडबा तुम्ही न्यावा. माझे ग्रंथ भिजतील.

ता. क. २ : पत्र चिकटवून पेटीत टाकायला कौसल्याकडे देत आहे.

आबा, मी कौसल्या. खालचं मामी सांगतात तसं लिहिते.

"दाजी, गंजी आपली हाये हे मला ठावं व्हतं, म्याच रचाया सांगितल्ती. पोरीनं मला म्हणलं, मामी, खेळाया जागा न्हाई. मी ह्यांना घरात सांगितलं असतं तर हे माझ्यासंगं वाद घालीत बसले असते अन् गंजी तिथंच राह्यली असती. मंग पोरगीच हेडसरांकडं गेली अन् म्हणली, औंदा मामांनाच बोलवा, विषय मैदान. पोरगी हुशार हाये. दहावीपस्तोर हितंच राहू द्या."

आबा, हे मामांना माहीत न्हाई. पंधरा ऑगस्टलाही त्यांचंच भाषण ठरवलंय, विषय पाणी. शाळेच्या पाण्याच्या टाकीला आमच्या गोठ्याची नळी लावलेली आहे, ती काढायची आहे. म्हणून मला इथं राहावंच लागंल.